दारावरची मालकीण

दिनांक १४ ऑगस्ट २०२३, सोमवार. कडेगाव तालुक्यातील एका गावी राहणाऱ्या सौ. संयोगिता जयराज करांडे यांच्या घरी टपालाने एक पत्र आले. पत्र त्यांच्या पतीच्या नावे होते. तक्रार मात्र संयोगिता यांच्या नावाबद्दल होती. सांगलीच्या एका बँकेने कळवले होते की, बँकेकडे गहाण असलेल्या घराच्या ग्रामपंचायतीतील नोंदीत, बँकेच्या पूर्वसंमतीवाचून, दुसऱ्या व्यक्तीचे नाव मालक म्हणून दाखल झाले आहे. हा कर्जकराराचा भंग आहे. सबब संपूर्ण कर्ज एकरकमी परत का मागू नये, याचा लेखी खुलासा तीस दिवसांच्या आत करावा. ही ‘दुसरी व्यक्ती’ म्हणजे कर्जदाराची लग्नाची बायको होती, आणि ज्या घरात तिचे नाव शिरले म्हणून बँकेला कापरे भरले, ते घर तिने उभे केले होते.

बँकेचे नाव येथे लिहिलेले नाही, गावाचेही नाही. हे भीतीपोटी नव्हे. एकाचे नाव लिहिले की बाकीच्या बँका आणि बाकीची गावे ‘ते आम्ही नव्हे’ म्हणून मोकळी होतात. तेवढी सोय कोणाला करून द्यायची नाही, म्हणून नावे गाळली आहेत. घडले ते मात्र जसेच्या तसे मांडले आहे.

संयोगिता मेढ्याकडची. डोंगराच्या कुशीतले गाव, भाताची खाचरे, घरात चार भाऊ आणि ही एकटी. बारावी झाली आणि उसाच्या मुलखात दिली गेली. नवरा फौजेत. वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा नवरा आणि बाराही महिने हजर असलेले सासू-सासरे, असा तो संसार. माहेरी वडील वारले तेव्हा ती दिवसकार्याला गेली होती. तेराव्याला पाहुणे उठले आणि चौदाव्या दिवशी भावांनी आईची चूल पडवीत मांडून दिली. कोणी वाईट बोलले नाही, कोणी हात धरून बाहेर काढले नाही. ‘आत धूर होतो, तुला दमा आहे,’ एवढेच म्हणाले. ज्या घराला त्या बाईने चाळीस वर्षे सारवले, त्याच्या उंबऱ्याबाहेर ती पुढची नऊ वर्षे राहिली आणि तेथेच गेली. ही गोष्ट संयोगिता कोणाजवळ बोलत नसे. पण पडवी दिसली की तिची नजर तेथून पटकन निघत असे.

गावठाणाबाहेर जयराजने एक प्लॉट घेतला तेव्हा तो तेजपूरला होता. कर्जासाठी तो आठ दिवसांच्या सुट्टीवर आला. सांगलीला बँकेत दोघे मिळून गेले. तो आत बसला, ती बाहेरच्या बाकावर भाकरीचा डबा मांडीवर घेऊन. आतल्या साहेबांनी जयराजला आपुलकीनेच सल्ला दिला होता. “एकट्याच्याच नावावर असू द्या. दोन नावं घातली की दर वेळी दोघांना यावं लागतं. वहिनींना कशाला हेलपाटे?” जयराजला ते पटले. बाहेर आल्यावर त्याने तिला सांगितले, तिलाही पटले. हेलपाटे वाचले, म्हणून दोघांनी गणपतीला जाऊन नारळ फोडला. त्या नारळाची आठवण काढून संयोगिता आता स्वतःवरच चडफडते.

जयराज परत तेजपूरला गेला आणि घर संयोगिताने बांधले. गवंडी पहिल्या दिवशी म्हणाला, “वैनी, मालक कवा येणार? कुणाला इचारून काम करायचं?”

“मालक तेजपूरला हायती,” ती म्हणाली. “तू वळंबा लावून सरळ बांध. वाकडं दिसलं तर मी पाडणार हाय, मालक न्हाई.”

आणि एक भिंत तिने खरोखरच पाडायला लावली. स्लॅब पडल्यावर मे महिन्याच्या उन्हात सकाळ-संध्याकाळ नळी धरून तिने पाणी मारले. बँकेचा माणूस पाहणीला आला, तेव्हा त्याने जागेचे छायाचित्र काढले. त्यात साइटवर उभी असलेली एकटीच व्यक्ती आहे, ती संयोगिता. बँकेच्या फायलीत ती आहे, फक्त तिचे नाव नाही.

जयराज हवालदार म्हणून निवृत्त झाला, एका साखर कारखान्यात सुरक्षा रक्षक म्हणून लागला, आणि घर ठीक चालले. मग महिला दिन आला.

गावाने त्या वर्षी ठरवले की प्रत्येक घराच्या दारावर घरातल्या बाईच्या नावाची पाटी लावायची, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतही तिचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने घालायचे. कल्पना उत्तम होती. त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. सरपंच पल्लवीताई होत्या. त्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि माइक त्यांचे यजमान पप्पूशेठ यांच्या हातात होता. निळ्या पाट्या, पांढरी अक्षरे, वर ‘सौ. संयोगिता’, खाली ‘श्री. जयराज’. ग्रामसेवकांनी प्रत्येक बाईच्या हाती नारळ, खण आणि शिक्का मारलेला उतारा दिला. “ताई, आजपासून तुम्ही घराच्या मालकीण,” असे ते प्रत्येकीला म्हणत होते. गर्दीतून भाऊसो नावाचा शेजारी ओरडला, “जयराज, घरभाडं येळवर देत जा रं गड्या!”

“पगार आधीच तिच्या हातात जातोय,” जयराज म्हणाला. “भाडं कशातनं देऊ, ते बी तूच सांग.”

सगळे हसले. जयराजचे वडील, जोतिबा आबा, तेवढे हसले नाहीत. ते काठीवर हनुवटी टेकवून म्हणाले, “बेंदराला शिंगं रंगावली म्हणून बैलाचा मालक बदलतोय व्हय?”

आबांचे म्हणणे त्या दिवशी कोणी मनावर घेतले नाही. कायद्याने तेच खरे होते, हे पुढे कळले. पण संयोगिताला दोष कसा द्यावा? सरकारी शिक्का, ग्रामसेवकाची सही, सरपंचाच्या यजमानांचे भाषण आणि हातात नारळ. एवढे सगळे मिळून खोटे बोलतील, असे तिला वाटले नाही. तुम्हाला तरी वाटले असते काय? ग्रामपंचायतीची ती नोंद घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढ्यापुरती असते, मालकी तिने सिद्ध होत नाही, हे वाक्य त्या दिवशी माइकवरून कोणीही उच्चारले नाही. उतारा तिने कडेगावला जाऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला आणि देव्हाऱ्याशेजारी टांगला.

आणि मालकीण म्हणून तिने एकच अधिकार गाजवला. धाकटा दीर विश्वजीत दर हंगामाला खताची पोती त्यांच्या पुढच्या खोलीत, मुलगी शिवांजली जेथे अभ्यास करी तेथेच, टाकत असे. त्या वर्षी ट्रॉली दाराशी आली, तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहिली.

“भावजी, खोलीत शिवांजलीचा अभ्यास असतोय. हितं पोती नकोत.”

“दादाला इचारलंय की मी.”

“दादाला इचारलं, आता मला इचारा. वर पाटी हाय, वाचा.”

विश्वजीतने पाटी वाचली, हसला, आणि ट्रॉली वळवून घेऊन गेला. आबा त्यानंतर पंधरवडाभर तिच्या घरी चहाला आले नाहीत. सासूबाई बनुबाई विश्वजीतकडेच राहत. त्यांनी निरोप पाठवला की, सुनेला पाटी चढली. संयोगिता त्या रात्री, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा, बिनघोर झोपली. शिवांजलीचे टेबल त्या खोलीत खिडकीशी लागले.

पुढच्या उन्हाळ्यात जयराजच्या छातीत कळ आली. मिरजेला नेले, रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. दवाखान्याच्या बाकावर बसून तिने स्वतःला धीर दिला तो या पाटीचाच. काही बरेवाईट झाले तरी आपण पडवीत जाणार नाही, असे ती मनाशी म्हणत राहिली आणि मग असला विचार मनात आला म्हणून तिने स्वतःच्याच तोंडात मारून घेतले.

जयराज बरा होऊन कामावर गेला. बँकेत दरवर्षी घरपट्टीची पावती आणि उतारा दाखल करावा लागे. त्या वर्षी तो स्वतः गेला आणि, ज्याच्यावरून पुढचे सारे रामायण घडले, तो नवा उतारा त्याने आपल्या हाताने, छाती फुगवून साहेबांपुढे ठेवला. “बघा साब, आमच्या गावात घर दोघांचं झालं!” साहेबांनी अभिनंदन केले. चहा दिला. आणि काही आठवड्यांनी ते पत्र आले.

पत्र जयराजने उभ्याने वाचले. सीमेवर उभा राहिलेला माणूस. पण शिक्क्याच्या कागदापुढे फौजी माणसाचे पाय आपोआप जुळतात. त्याच्या कपाळावर घाम आला तसे संयोगिताने आधी पाण्याचा तांब्या दिला आणि मग पत्र हातातून घेतले.

“एकदम भरा म्हणत्यात,” तो म्हणाला. “कुठनं भरू? अगं, पाटी काढ. आत्ताच्या आत्ता काढ.”

“आवं, बसा तुमी आधी. डॉक्टरनी काय सांगितलंय?”

“डॉक्टरनी हे पत्र वाचलं न्हाई.”

पत्र आबांच्या आणि विश्वजीतच्या कानी जाऊ द्यायचे नाही, असे दोघांनी ठरवले. तेव्हापासून संयोगिताचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. पोस्टमनची सायकल दिसली की ती अंगणात आधी पोचू लागली. जयराज कारखान्यातून यायच्या वेळी तिचे कान गाडीच्या आवाजाकडे लागत; जिना चढताना तो मध्ये थांबला तर तिच्या हातातले काम थांबे. माहेरच्या नात्यातल्या एका वकिलाला तिने फोनवर आडून आडून विचारले. त्याने सरळ सांगितले की, उद्या जयराजचे काही झाले तर बायको, मुलगी आणि आई या तिघींचे सारखे हिस्से, आणि आईचा हिस्सा पुढे आई ज्याला देईल त्याचा. म्हणजे विश्वजीतचा. पत्र येण्याआधी तिला वाटत होते, अर्धे घर आपले आहेच. आता कळले की आपण दारावर आहोत, घरात नाही.

दोघे सांगलीला गेले. या वेळी ती बाकावर बसली नाही, आत गेली. शाखाधिकारी दिग्विजय साहेब तरुण होते, बोलायला गोड.

“ताई, काळजी करू नका. मुळात त्या नोंदीनं तुम्ही मालक झालाच नाही. ती नुसती आकारणीची नोंद. मालकी लागते ती नोंदणी केलेल्या दस्तानं. बक्षीसपत्र करावं लागतं.”

संयोगिताने पदर सावरला. “म्हंजे ह्या कागदानं मला घरातलं काय बी मिळालं न्हाई?”

“काहीच नाही.”

“मग साहेब, ज्यानं मला काय बी मिळालं न्हाई, त्यानं तुमचं काय गेलं?”

साहेब हसले. हसून त्यांनी घंटी वाजवली आणि तीन चहा सांगितले. “नियम आहे, ताई,” ते म्हणाले. त्या प्रश्नाला तेवढेच उत्तर तेव्हा मिळाले, आणि आजतागायत तेवढेच मिळाले आहे. मालकी मिळावी म्हणून पाहिले तर ती नोंद कवडीमोलाची. करार मोडला म्हणून पाहिले तर तीच नोंद एवढी भारी की साऱ्या कर्जाला पुरून उरावी. हा तराजू कोणत्या कारखान्यात बनतो, याची चौकशी कोणीतरी करायला हवी.

साहेबांनी दोन वाटा दाखवल्या. एक, नोंदीतून नाव काढून स्वच्छ उतारा आणून द्यायचा. पत्र मागे घेतले जाईल. दुसरी, बायकोला सहमालक करण्यासाठी बँकेची संमती मागायची. अर्ज, बक्षीसपत्राचा मसुदा, बँकेच्या वकिलाचा अहवाल, सारे साताऱ्याच्या विभागीय कार्यालयात जाईल, तेथे ठरेल.

बाहेर आल्यावर जयराज म्हणाला, “नाव काढू. डोक्याचा ताप जाईल.”

“आन् साताऱ्याचा अर्ज?”

“अगं, मी काय उद्या मरतोय व्हय?”

तो बोलून चुकला होता, हे त्यालाही कळले. रस्ता ओलांडून त्याने उसाचा रस घेतला, डॉक्टरने नको म्हटलेला, आणि अर्धा पेला तिच्या हातात देत म्हणाला, “दोन्ही करू. नाव बी काढू, अर्ज बी करू.”

नाव काढायला गेल्यावर ग्रामसेवक कळवळले. “ताई, आत्ता नको! गावाचं काम शंभर टक्के झालंय. बक्षीस समिती पाहणीला यायची आहे. तुमचं एक नाव काढलं की शंभराचे नव्याण्णव होतील.”

“भाऊसाहेब, तिकडं आमचं घर जायला लागलंय.”

तेवढ्यात पप्पूशेठ आत आले. सरपंच पल्लवीताई शेजारच्या खुर्चीवर होत्याच. पप्पूशेठने प्रकरण ऐकले आणि गावच्या कारभाऱ्याला शोभेल असा तोडगा चुटकीसरशी काढला. “त्यात काय एवढं? वहीतनं नाव काढा, दारावरची पाटी राहू द्या. समिती पाटी बघती, वही कोण बघतंय? बँक वही बघती, पाटी बघायला कोण येतंय? दोन्हीकडं मिटलं.”

पल्लवीताई हळूच म्हणाल्या, “आवं, पन मग त्या बाईला ऱ्हायलं काय?”

“तू थांब जरा,” पप्पूशेठ म्हणाले.

वहीतून नाव निघाले. लावताना सभा घेतली होती, ध्वनिक्षेपक लावला होता. काढताना एक रेघ पुरली.

अर्ज साताऱ्याला गेला आणि तिकडेच बसला. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली, तरी उत्तर नाही. शेवटी संयोगिता एकटीच कडेगावहून कऱ्हाडला आणि तेथून एसटी बदलून साताऱ्याला गेली. जयराजला सुट्टी मिळाली नव्हती, आणि त्याला जिने चढवायचे नव्हते. विभागीय कार्यालयात एका बाईंनी फाइल काढून दिली. अर्जावर शेरा होता की, प्रस्तावित सहमालकास स्वतःचे उत्पन्न नाही, सबब प्रकरण अपूर्ण.

“उत्पन्न कसं न्हाई?” संयोगिता म्हणाली. “दोन एकर ऊस मी लावते. भांगलण माझी, पाणी पाजायचं माझं. रातपाळीची लाइट आली तर मोटार चालू करायला मीच जाते.”

“ऊस कोणाच्या नावावर जातो?”

“आबांच्या. सासऱ्यांच्या.”

“मग ते उत्पन्न सासऱ्यांचं झालं हो,” त्या बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिले, पंख्याखाली बसवले. जाताना आवाज उतरवून म्हणाल्या, “तुम्ही आधी सहकर्जदार व्हा. शाखेत सही करा. मग प्रकरण लवकर हलतं.”

साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्याची गाडी लागलेली होती. पाय क्षणभर तिकडे वळले. मग तिने मनाशी म्हटले, तेथे आता कोण आहे, आणि होती ती कोठे होती? ती कऱ्हाडच्या गाडीत बसली.

सांगलीच्या शाखेत सहकर्जदाराचे कागद आधीच तयार होते. जयराजच्या आजारपणाची माहिती बँकेला विम्याच्या निमित्ताने झाली होती, आणि कर्जामागे आणखी एक माणूस उभा असावा, अशी बँकेची इच्छा होती. दिग्विजय साहेबांनी जेथे सही करायची तेथे पेन्सिलीने फुल्या करून ठेवल्या होत्या.

“साहेब, एक इचारू?” ती म्हणाली. “मालकीण व्हायला मला उत्पन्न लागतंय म्हनं. कर्जदार व्हायला लागत न्हाई?”

“जयराज यांचं उत्पन्न आहे की. तुमची सही फक्त सुरक्षिततेसाठी.”

“कुणाच्या?”

साहेबांनी पेन पुढे केले. “बँकेच्या,” ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनाही हसू आले नाही.

“आन् सही केल्यावर मालकीचा कागद कवा?”

“ते साताऱ्याच्या हातात आहे. पण सही केली की तुमची बाजू मजबूत होईल, एवढं नक्की.”

“ते लिवून द्या.”

“असं लिहून देता येत नाही, ताई.”

तिने पेन टेबलावर ठेवले. जयराज तिच्याकडे पाहत होता. त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर होता. खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते, हे तिला माहीत होते. त्याला दुखत होते की नुसतीच सवय, हे तिला कळेना. तो म्हणाला, “करू नगंस. तुला वाटत नसंल तर करू नगंस. मी भरतोय तवर भरतोय.” आणि मग, खालच्या पट्टीत, “खरं, ते पत्र परत आलं तर मला सोसायचं न्हाई गं.”

पत्र मागे घेतले गेले होते. पण मागे घेतलेले पत्र पुन्हा पाठवायला टपालखर्चच तेवढा लागतो, हे तिघांनाही कळत होते. संयोगिताने सर्व फुल्यांवर सह्या केल्या. शेवटची सही वेगळी उमटली आणि साहेब म्हणाले, “सही जुळली पाहिजे हं, ताई.” तिने ती पुन्हा केली.

तिचे नाव घरात इतके महिने झगडूनही आले नाही. कर्जात ते चहा संपण्याआधी आले.

गावात काही लपत नाही. वहीतली रेघ आबांना कळलीच. त्यांनी टोमणा मारला नाही. तो मारला असता तर तिला बरे वाटले असते. ते नुसते म्हणाले, “पोरी, मी तवाच बोललो हुतो.” त्या हंगामाला विश्वजीतची ट्रॉली दाराशी आली, तेव्हा त्याने विचारले नाही आणि तीही उंबऱ्यात उभी राहिली नाही. पोती पुढच्या खोलीत गेली. शिवांजलीचे टेबल स्वयंपाकघरात आले. पोरगी युरियाच्या वासाने तिचे डोळे पाणावतात असे सांगून एक दिवस जेवली नाही.

मग समिती आली. पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्रे. पप्पूशेठ पुढे, पल्लवीताई मागे. करांडे यांचे घर रस्त्यावर असल्याने छायाचित्रासाठी तेच निवडले गेले. संयोगिताला पाटीखाली उभे केले. समितीतल्या एका साहेबांनी कौतुकाने विचारले, “काय ताई, मालकीण झाल्यावर कसं वाटतंय?”

पप्पूशेठने डोळ्यांनी खूण केली. जयराज कामावर होता. संयोगिताने पाटीकडे वर पाहिले नाही.

“साहेब, नाव दारावर हाय,” ती म्हणाली. “वहीत हुतं, ते काढलं. खरेदीखतात कवाच न्हवतं. कर्जात हाय. एवढं लिवून घ्या.”

साहेब हसले, त्यांना तो ग्रामीण विनोद वाटला असावा. त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. पुढे पंचायतीत अहवालाची प्रत आली, त्यात या घरापुढे ‘लाभार्थी समाधानी’ असा शब्दप्रयोग आहे. गावाला बक्षीस मिळाले. शंभर टक्के.

हे लिहिले जात आहे तेव्हा साताऱ्याचा अर्ज अजूनही अपूर्णच आहे. मध्यंतरी तेथले अधिकारी बदलले आणि उत्पन्नाचा दाखला नव्याने मागवला गेला. जयराज हप्ते भरतो आहे. दर हप्त्याच्या तारखेला बँकेचा संदेश आता दोघांच्याही फोनवर येतो. त्याची गाडी कारखान्यातून वळली की संयोगिता आजही गॅस बारीक करते आणि जिन्यावरची पावले ऐकते. ती मध्ये थांबली नाहीत की पुन्हा मोठा करते. एकच गोष्ट तिने ठरवून केली. आबांना तोंडावर सांगितले की, पुढच्या हंगामापासून दोन एकरांतला एक एकर ऊस तिच्या नावे कारखान्याला जाईल, नाही तर ती बांधावर पाऊल ठेवणार नाही. आबांनी अजून होय म्हटलेले नाही. नाहीही म्हटलेले नाही.

वाचकांनो, तुमच्या दारावर कोणाचे नाव आहे, ते कोणी विचारत नाही. आज घरी गेलात की तुमच्या घराचे खरेदीखत काढा आणि त्यात घरातल्या बाईचे नाव आहे काय ते पाहा. घर अजून घ्यायचे असेल तर पहिल्या दस्तातच तिचे नाव घाला. हेलपाटे पडतील ते पडू द्या. घरावर कर्ज असेल तर बँकेच्या संमतीसाठी उद्याच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत दर महिन्याला जाऊन विचारा. सहकर्जदार म्हणून तिची सही कोणी मागितली, तर त्याच टेबलावर, त्याच दिवशी मालकीची संमती लेखी मागा. ती मिळेपर्यंत तिला सही करू देऊ नका. आणि तुम्ही बँकेत, पंचायतीत किंवा एखाद्या समितीत बसत असाल, तर तुमच्या टेबलावर अडकलेला असा एक तरी अर्ज या आठवड्यात निकाली काढा. हे होईपर्यंत तिच्या नावाच्या पाट्या लावू नका.